गरजणाऱ्या धुराच्या काठावर

बाबा होडीच्या कडेवरून पाण्यात हात घालायला वाकले आणि होडीवाला ओरडला. रस्त्यात धावलेल्या पोराला आपण ओरडतो तसं ते ओरडणं होतं, त्यात राग नव्हता. बाबांनी हात मागे घेतला आणि तो तसाच मांडीवर ठेवून बसले.

एप्रिलमधली संध्याकाळ होती. आम्ही झांबियातल्या लिव्हिंगस्टनजवळ, झांबेझीच्या पात्रात होतो. खाली काही किलोमीटरवर ही सबंध नदी एका भेगेत कोसळते, त्याला जग व्हिक्टोरिया धबधबा म्हणतं. बाबा कराडचे. प्रीतिसंगमावर गेलं की कृष्णा-कोयनेच्या पाण्याला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा, मग पुढचं बोलायचं, ही त्यांची आयुष्यभराची रीत. नर्मदेला, गोदावरीला, तुंगभद्रेला त्यांनी असाच नमस्कार केला आहे. आफ्रिकेतली ही त्यांची पहिली नदी, आणि नेमका तिच्या पाण्याला हात लावायचा नाही.

होडीवाल्यानं नंतर शांतपणे समजावलं. मगर दिसते तेव्हा तिचा धोका कमी असतो. ती दिसत नाही, तेव्हा ती कुठे आहे हे फक्त तिलाच माहीत असतं. म्हणून इथे कुणी काठावर पाय सोडून बसत नाही, भांडी विसळायला वाकत नाही, होडीतून हात बाहेर काढत नाही. पाणघोड्यांचं वेगळंच. दिवसभर ते पाण्यात डुंबतात, रात्री चरायला वर येतात, आणि परतीच्या वाटेवर त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये कुणी आलं तर थेट अंगावर धावून जातात. हे सगळं तो इतक्या सहज सांगत होता, जसं आपल्याकडे एखादी म्हातारी सांगेल की बाळा, अंधारात गवतात पाय टाकू नकोस.

दादा झांबियाच्या राजधानीत, लुसाकात नोकरीला आहे, त्यामुळे मला हा धबधबा दोनदा बघता आला. एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा दिवाळीच्या सुट्टीत. नदी तीच, कडा तोच, पण दोन वेळा दोन निराळी ठिकाणं पाहिल्यासारखं वाटलं. भीतीही दोन तऱ्हांची वाटली.

लुसाका ते लिव्हिंगस्टन रस्ता सुमारे 480 किलोमीटरचा. वाटेत मझाबुका लागतं, तिथे दुतर्फा ऊस. बाबा खिडकीला चिकटून बसले आणि "हे आपलं कराडच की" असं काहीतरी पुटपुटले. दादाचा एकच नियम होता, सूर्य मावळायच्या आत गाडी थांबली पाहिजे. अंधारात दिवे नसलेले ट्रक रस्त्यातच बंद पडून उभे असतात, कडेनं माणसं चालत असतात, गुरं आडवी येतात. पहिल्या खेपेला आम्हाला उशीर झाला. लिव्हिंगस्टन दोन-अडीच तासांवर असताना त्यानं चोमा गावात गाडी वळवली आणि मुक्काम केला. माझी चिडचिड झाली होती. हॉटेलचे पैसे भरलेले होते, ते बुडाले. आता वाटतं, या सगळ्या प्रवासातला पहिला "नाही" तो होता, आणि तो आमच्याच घरातल्या माणसानं म्हटला होता.

सकाळी धबधब्यापाशी पोचलो तेव्हा आधी आवाज ऐकू आला. मग झाडांवर उभा राहिलेला पांढरा लोट दिसला. कोलोलो लोकांनी या जागेला मोसी-ओआ-तुन्या म्हटलं, गरजणारा धूर. पूर भरात असताना हे तुषार चारशे मीटरहून उंच जातात आणि चाळीस-पन्नास किलोमीटरवरून दिसतात. कड्याची रुंदी 1,708 मीटर, सगळ्यात खोल जागी उंची 108 मीटर. आकडे मी घरूनच वाचून गेले होते. तिथे त्यांचा काही उपयोग झाला नाही, कारण एप्रिलमध्ये धबधबा दिसतच नाही. समोर फक्त पांढरं असतं. पाऊस वरून पडतो, समोरून येतो, आणि दरीतून वर उसळून खालूनही येतो.

झांबियाच्या बाजूला कड्यासमोर एक अरुंद पादचारी पूल आहे, सुरीच्या धारेचं नाव असलेला. आम्ही भाड्यानं घेतलेले रेनकोट घालून त्यावरून निघालो. दहा पावलांत माझ्या चष्म्याच्या काचांवरून पाणी वाहायला लागलं. मी चष्मा पुसायला कठड्यावरचा हात काढला, त्याच वेळी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून एक फोटो घ्यावा असंही मनात आलं, आणि डावा पाय सरकला. पडले नाही. मागून येणाऱ्या बाबांनी रेनकोटची टोपी मुठीत धरली होती. "एका वेळी एकच," ते माझ्या कानात ओरडले, "एकतर बघ, नाहीतर चाल." चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या मुठीत एवढा जोर असतो हे मला त्या दिवशी कळलं.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. पाणी त्यांना क्युसेकमध्ये कळतं. एप्रिलमध्ये या कड्यावरून सरासरी सेकंदाला तीनेक हजार घनमीटर पाणी जातं, म्हणजे लाखभर क्युसेक. कोयनेतून 50 हजार क्युसेकचा विसर्ग सुरू झाला की कराडात नदीकाठच्या लोकांना सावध करतात, त्याच्या हे दुप्पट. पण त्यांना आकड्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटत होतं. आकाश निळंशार होतं. लिव्हिंगस्टनचा पाऊस मार्चमध्येच आटोपला होता. मग हे पाणी आलं कुठून?

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. झांबेझीच्या बाबतीत मात्र मूळ शोधल्याशिवाय काठावर उभं राहण्यात अर्थ नाही. ती झांबियाच्या वायव्य कोपऱ्यात उगम पावते, अंगोलातून वळसा घेऊन पुन्हा झांबियात येते, आणि हजाराहून अधिक किलोमीटर चालून या कड्यावर पोचते. वाटेत बारोत्से नावाचं प्रचंड पूरमैदान आहे. डिसेंबर-जानेवारीत वर पडलेला पाऊस तिथे पसरतो, मुरतो, रेंगाळतो आणि सावकाश खाली सुटतो. म्हणून इथला पाऊस संपल्यावर इथला पूर भरात येतो. सह्याद्रीत डोंगरावर ढग फुटला की तासाभरात खालच्या ओढ्याला लोंढा येतो. इथे तोच लोंढा काही महिने वाटेत असतो. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच, आपल्या डोक्यावरचं आकाश पाण्याबद्दल काहीच सांगत नाही.

त्याच बारोत्सेत लोझी लोकांचा राजा राहतो. मैदान पाण्यानं भरू लागलं की तो लेआलुईचा वाडा सोडून उंचावरच्या लिमुलुंगाला जातो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मोठी नाव, कितीतरी वल्हेकरी, ढोल, मागे प्रजा. या सोहळ्याचं नाव कुओंबोका, अर्थ पाण्यातून बाहेर निघणं. हे दादानं गाडीत सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "राजा पाण्याला वाट देतो, आणि त्याचा सण करतात." त्यांनी नोकरीत असताना कितीतरी पावसाळ्यांत नदीकाठच्या घरांना हलायची नोटीस दिली होती. लोक शेवटच्या क्षणापर्यंत हलत नसत. हलणं म्हणजे हरणं, असं आपल्याकडे कुठेतरी ठरून गेलं आहे.

दुसऱ्या दिवशी पुलावरून पलीकडे झिंबाब्वेत गेलो. हा पूल 1905 सालचा, नदीपासून 128 मीटर उंचीवर, त्याच्या मध्यावर दोन देशांची सीमा. झिंबाब्वेच्या बाजूची वाट तुषारांवर वाढलेल्या रानातून जाते आणि एकामागून एक कड्यासमोर निघते. बऱ्याच ठिकाणी कुंपण म्हणून काटेरी फांद्या रचलेल्या आहेत. शेवटच्या टोकाला, ज्याच्या नावातच धोका आहे, तिथे तेवढ्याही नाहीत. काळा बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीचाच दगड, वर्षाचे कितीतरी महिने ओला, त्यावर शेवाळ. आणि समोर इंद्रधनुष्य, इतकं जवळ की हात पुढे करावा वाटतो. कुंपण का नाही, असा प्रश्न मला आधी पडला. तिथे उभी राहिल्यावर वाटलं, कठडा असता तर मी त्यावर रेलले असते. कठडा नव्हता म्हणून मी चार पावलं अलीकडे बसले, अक्षरशः जमिनीवर बसले, आणि बसून पाहिलं. आमच्याच शेजारी एक जोडपं होतं. तो तिला फोटोसाठी "अजून थोडं मागे" असं हातानं खुणावत होता. दादा मध्ये गेला. ओळख ना पाळख, पण तो जाऊन तिच्या मागे उभा राहिला आणि हसून म्हणाला, फोटो मी काढतो, तुम्ही दोघे इथे बसा. ती मागे वळली, मागे काय आहे ते तिनं पाहिलं आणि चेहरा पांढरा झाला.

हे लिहिताना मला भुशी डॅम आठवतो. 30 जून 2024 ला लोणावळ्यात त्या धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ती चित्रफीत आपण सगळ्यांनी पाहिली. मध्यभागी एकमेकांना घट्ट धरून उभं असलेलं कुटुंब, आणि काठावर दोर शोधणारी, ओरडणारी माणसं. मी ती चित्रफीत पुन्हा पाहू शकलेले नाही. ते बेफिकीर होते असं कुणी म्हटलं की मला राग येतो. सहलीला आलेलं कुटुंब घोटाभर पाण्यात उभं होतं, तुम्ही-आम्ही उभे राहतो तसंच. त्यांच्यापाशी नव्हता तो एक माणूस, ज्याला ते पाणी ठाऊक होतं आणि ज्याचं त्यांनी ऐकलं असतं.

ऑक्टोबरात पुन्हा गेलो तेव्हा दादाचा मुलगाही सोबत होता, एकोणीस वर्षांचा, कॉलेजच्या पोहण्याच्या संघातला. ऊन असं की दुपारी दगडावर हात ठेववत नव्हता. झांबियाच्या बाजूचा कडा जवळजवळ कोरडा. एप्रिलमध्ये जिथे पांढऱ्या भिंतीशिवाय काही नव्हतं, तिथे आता उघडा काळा कातळ होता आणि खाली दरीचा तळ स्पष्ट दिसत होता. नदीत नोव्हेंबरपर्यंत सरासरी दहा हजार क्युसेकच्या आसपास पाणी उरतं, आणि त्यातलं बरंच झिंबाब्वेच्या बाजूनं पडतं. शिवाय झांबियाच्या बाजूला कड्याच्या वरूनच एक कालवा काढला आहे, खालच्या वीज केंद्रासाठी. ते केंद्रही 108 मेगावॉटचं. कड्याची उंची 108 आणि वीजही 108, हे ऐकून बाबांनी जपमाळ ओढल्यासारखी बोटं हलवली.

कोरडा कडा एप्रिलच्या कड्यापेक्षा फसवा आहे. एप्रिलमध्ये नदी स्वतःच माणसाला मागे लोटते. ऑक्टोबरात ती वाट मोकळी करून देते. आम्ही कड्याच्या पूर्व टोकाशी उभे असताना एक तरुण आला आणि हळू आवाजात म्हणाला, थोडे पैसे द्या, मी तुम्हाला दगडांवरून कड्याच्या अगदी काठानं नेतो, सगळे जातात. त्याच्या अंगावर गणवेश नव्हता, ओळखपत्र नव्हतं. आमचं पोर तेवढ्यात चपला काढून तयारही झालं होतं. लांबवर दोघं-तिघं खरोखर काठावर चालताना दिसत होते, दुरून मुंग्यांएवढे.

मी ओरडणार होते. बाबांनी माझा हात दाबला आणि त्या तरुणाला दादाकरवी प्रश्न विचारला, "वरच्या कालव्यात आत्ता किती पाणी घेतायत?" त्याला कळलं नाही. बाबांनी पुन्हा विचारलं, "वीज केंद्रातलं एखादं यंत्र बंद पडलं, तर कालव्यातलं पाणी कुठून जाईल?" त्यानं खांदे उडवले.

मग बाबा नातवाकडे वळले. "बाळा, ह्याला दगड माहीत आहेत, पाणी माहीत नाही. आणि ह्याला आजच पैसे पाहिजेत. तो तुला परत फिर असं कधीच म्हणणार नाही."

पोरानं चपला घातल्या. चेहरा उतरला होता, पण घातल्या. त्या तरुणाचाही मला राग आला नाही. त्याच्या घरी चूल पेटायची होती.

त्याच दिवशी खालच्या डोहाकडे जायच्या पायवाटेवर बबून माकडांनी आमची पिशवी पळवली. प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे खाऊ, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आत पाण्याच्या बाटल्या आणि बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. पिशवी ओढून धरायची नाही, सोडून द्यायची, एवढं आम्हाला सांगितलेलं होतं म्हणून कुणाला चावे बसले नाहीत. गोळ्यांचा दुसरा संच हॉटेलवर ठेवला होता, म्हणून बाबांची रात्र सुखाची गेली. हॉटेलात परततानाही गाडीनंच आलो. धबधबा ते गाव दहा-अकरा किलोमीटरच्या त्या रस्त्यावर संध्याकाळी हत्ती आडवे येतात, तिथे कातरवेळी पायी किंवा सायकलवर जाऊ नका असं स्थानिक लोक बजावून सांगतात.

आणि डास. निघण्याआधी मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा, आणि परतल्यावरही सांगितलेले दिवस पुऱ्या करा. आमच्या ओळखीतल्या एकांनी घरी आल्यावर त्या सोडल्या. तीन आठवड्यांनी ताप आला, डॉक्टरांना प्रवासाचं सांगितलं नाही, व्हायरल समजून चार दिवस गेले. आफ्रिकेतला मलेरिया चार दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. ते वाचले. पण तापाची पहिली तक्रार सांगताना त्याच वाक्यात "मी झांबियाला जाऊन आलो आहे" हे यायलाच हवं.

सुरीधारेच्या पुलावर दुसऱ्या दिवशी पोर शांतपणे म्हणालं, "आत्या, मग सैतानाच्या डोहात जाऊ का?"

कड्याच्या अगदी ओठावर, लिव्हिंगस्टन बेटाजवळ, दगडांनी अडवलेला एक डोह आहे. पाणी कमी असतं तेव्हाच, साधारण ऑगस्टच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, तिथे उतरू देतात. पाणी वाढलं की बंद. नाव ऐकूनच मी नको म्हणणार होते, पण बाबांनी आधी सगळी चौकशी केली. कोण नेतं, किती जणांना नेतं, कधी बंद करतात. उत्तरं ऐकून ते म्हणाले, "जाऊ दे. ज्यांना बंद करता येतं त्यांच्याबरोबर जाऊ दे."

तेव्हा मला 1855 सालची गोष्ट आठवली. 16 नोव्हेंबरला डेव्हिड लिव्हिंगस्टन याच बेटावर उतरला, आणि त्यानं या जागेला आपल्या राणीचं नाव दिलं. त्याला इथवर आणलं ते नदीच्या खळाळांची नस ओळखणाऱ्या स्थानिक वल्हेकऱ्यांनी. त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे की पाणी उतरलेलं होतं म्हणून बेटावर जाता आलं, भर पुरात कुणालाच जमलं नसतं. आणि काठापर्यंत तो सरपटत गेला. पुतळ्यात तो ताठ उभा आहे. प्रत्यक्षात त्यानं आडवं होऊन खाली पाहिलं. मला तो सरपटणारा माणूस जास्त जवळचा वाटतो.

मी आणि पोर, आम्ही दोघं छोट्या होडीनं बेटावर गेलो. गाईड पन्नाशीचा असावा. डोहापर्यंत जायला आधी थोडं पोहावं लागतं, वाटेत ठरावीक जागी त्याचे साथीदार उभे असतात. त्यानं प्रत्येकाला एकेक करून विचारलं, "पोहता येतं?" पोराला त्यानं दहा हात पोहून दाखवायला लावलं. माझी पाळी आली. मी म्हटलं, थोडंफार. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. "तुम्ही इथे बसा." मी पूर्ण पैसे भरलेले आहेत हे त्याला माहीत होतं. मलाही वाद घालावा असं वाटलं नाही. चोमाच्या मुक्कामापासून इथवर जे जे "नाही" ऐकलं होतं, त्यातलं हे सगळ्यात मऊ होतं.

मी दगडावर बसून पाहिलं. पोर डोहात उतरलं, काठाच्या दगडावर पोटावर आडवं झालं, आणि गाईडनं त्याचे दोन्ही घोटे धरले. तो फोटो काढायच्या वेळीही घोटे सोडत नव्हता. पोर बाहेर आलं तेव्हा थरथरत होतं, हसत होतं, छोटे मासे पायांना टोचतात म्हणून सांगत होतं. मग त्यानं आपली बाटली घेतली आणि गाईडला काहीतरी विचारलं. गाईडनं बाटली त्याच्या हातातून घेतली, स्वतः दोन दगडांमधल्या उथळ जागी जाऊन भरली आणि परत दिली.

संध्याकाळी बाबा हॉटेलच्या ओसरीवर बसले होते, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायांना डासांचं मलम. पोरानं बाटली त्यांच्यापुढे धरली.

"आजोबा, झांबेझी."

बाबांनी बाटली उजेडाकडे धरून पाहिली. "विचारून भरलीस?"

"त्यानंच भरून दिली."

बाबांनी झाकण उघडलं, ओंजळीत थोडं पाणी घेतलं, आणि हात कपाळाला लावला.